टिकल्या लावलेली पेटी

निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, मी पेटी घेतली. कारण साधं होतं: राग. आमच्या गावच्या बायकांच्या भजन मंडळाला स्वतःचा पेटीवाला नाही. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, की गावातला एकुलता एक पेटीवाला नाचगाण्याचे खेळ करणाऱ्या दंडारवाल्यांच्या तावडीत. आमच्या मंडईच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात आम्ही झांजा मांडीवर घेऊन त्याची वाट बघत बसायचो. तो आला तर भजन रंगायचं, नाही तर नुसतं उरकायचं. यंदा आपल्या भजनाला आपली पेटी असेल आणि ती मीच वाजवीन, असं एकदा सगळ्यांसमोर बोलून बसले.

मग सौंदडहून गाडीनं गोंदियाला शिकवणीला जाऊ लागले. जन्मभर शाळेत पोरांवर डाफरले, आता माझ्यावर डाफरणारं कुणी भेटलं. "मैडम, पहले हवा सम्हालिए, सुर बाद में," गुरुजी म्हणायचे. घरी सराव सुरू केला, की पेटी म्हशीसारखी रेकायची आणि नवरा काहीतरी काम काढून अंगणात पळायचा. पण खरं सांगते, इतकी मजा मला तरुणपणीही आली नव्हती. बोटं चुकायची म्हणून मी सरळ पट्ट्यांवर टिकल्या चिकटवल्या. सा ला लाल, बाकीच्यांना हिरव्या. हात झकास चालू लागला.

आमच्यात पुढे गातात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना म्हटलं, एकदा तालीम करू. त्या हसल्याच. "देवापुढं कायची तालीम वं? गळा लागन तसं गायचं."

मंडईच्या दिवशी देऊळ माहेरवाशिणींनी आणि पाहुण्यांनी भरलं होतं. पेटीवाला अर्थातच शेजारच्या गावी गेलेला. मी लाल टिकलीवर बोट ठेवून सूर दिला. जाऊबाईंनी तो ऐकलाच नाही. डोळे मिटून, गळ्याला जिथं बरं वाटलं तिथूनच त्यांनी भजन उचललं. पेटी एकीकडे, भजन भलतीकडे. घाईघाईनं एकेक पट्टी हळूच दाबून मी त्यांचा सूर शोधू लागले. तो सापडला एका काळ्या पट्टीवर, जिथं एकही टिकली नव्हती. तीच घट्ट धरली आणि अख्खं भजन त्या एका पट्टीवर पार पाडलं. बायका मात्र रंगात आल्या होत्या.

भजन संपतं न संपतं तोच पेटीवाला धापा टाकत आत शिरला. "सरका बाई, मी वाजवतो."

मी सुटले एकदाची, असं वाटून अर्धी उठलेसुद्धा. जाऊबाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"कायले उठून राहिलीस? बस." मग त्याच्याकडे वळून, "तू झांज घे, भाऊ. पेटी आमची बाई वाजवून राहिली."

तो बिचारा झांज घेऊन खांबापाशी बसला. पुढचं भजन घ्यायचं होतं. जाऊबाईंनी डोळे मिटले नाहीत. कधी नव्हे ते थांबल्या आणि मला म्हणाल्या, "दे वं सूर."

मला इतका आनंद झाला, की पट्टीवर बोट ठेवून, भाता हलवायचा विसरून मी नुसती त्यांच्याकडे बघत बसले, आणि सगळ्या बायका माझ्यासाठी थांबून राहिल्या.