खारूताईचं हळू गाणं

माझी नणंद म्हणजे खारूताई, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. टीव्हीवर ते कार्टून लागतं ना, टोपीवाली खार झाडावर चढते आणि सुरुवातीलाच तिचं गाणं वाजतं, 'सरसर सरसर फांदीवर, शेपटी माझी खांद्यावर'? ते आमच्या ताईंनी म्हटलंय. तरुणपणी त्या स्टुडिओत कोरसमध्ये गायच्या. कार्टून अजून रोज लागतं. ताई मात्र कधीच्याच शिलाई मशीनवर बसल्या. पुढच्या खोलीत पँटी आखूड करतात, चेन बदलून देतात. बोलतात त्या तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे अर्धं कळतच नाही.

आता त्या गाण्यातली गोम ऐका. रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्यांनी अगदी संथ वाजवलं, ताईंनीही खालच्या सुरात, एकेक शब्द ओढत म्हटलं. मग टेप भरभर फिरवली आणि खारीचा तो चिरका आवाज तयार झाला. म्हणजे टीव्हीवरचं गाणं ताईंच्या गळ्यातून कधी निघालंच नव्हतं. कुणी 'म्हणा ना' म्हणून मागे लागलं की त्या घसा बसल्याचं सांगून सुटायच्या.

माझ्या लेकीचा, चिमणीचा, त्या कार्टूनवर भारी जीव, पण तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या हृदयात जन्मापासून दोष. जोरात रडली की ओठ निळे पडायचे आणि माझ्या पायाखालची जमीन सरकायची. शेवटी ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप लागेपर्यंत तिला रडू द्यायचं नाही. त्या वेळी झटका आला तर फार अवघड होईल. आत एकाच माणसानं यायचं. मोबाइल चालणार नाही."

मीच जाणार, यात विचारायचं काय? पण आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर ना! पोर घाबरली तशी म्हणाले, "अगं, खारूताई म्हणजे आपली आत्तूच! ती येईल तुझ्याबरोबर, गाणं म्हणेल."

झालं. पोरीनं धोशाच लावला. आई नको, आत्तू हवी. नाही म्हटलं की ओठ थरथरायला लागायचे, मग कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची? मी गिळलं. आईला नको म्हटलेलं कसं गिळतात, ते मलाच माहीत.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून त्या सराव करायला लागल्या. वेगात म्हणायला गेल्या की 'सरसर'वरच जीभ अडखळायची, वरचा सूर फाटायचा, मग खोकला. चिमणीनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, "आत्तू, चिडवू नकोस ना. नीट म्हण."

माझं डोकंच फिरलं. "ताई, एवढंसं पोरांचं गाणं! तुम्हीच म्हटलंय ना?"

"मी नाही गं म्हटलं," त्या ओला चेहरा पुसत म्हणाल्या, "मशीननं म्हटलं. आत माझा आवाज फुटला आणि पोर रडली तर? मला नको पाठवूस, तुझ्या पाया पडते."

त्यांनी माझा पदर धरला. घाबरले मीही होते, फक्त मी हात कमरेवर ठेवून उभी होते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चिमणी ताईंचं बोट धरून आत गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दार नीट लागत नव्हतं, मी फटीला कान लावून उभी राहिले. हे मागं येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "बसा गप एका जागी! सगळं तुमच्यामुळं झालंय."

आत ताईंनी भरभर सुरुवात केली. सरसर, सरस... आणि अडकल्या. पुन्हा धरलं, पुन्हा खोकला.

"ही खारूताई नाहीये!" चिमणी ओरडली. तो सूर मी ओळखते. यानंतर रडं येतं, आणि रड्यानंतर निळे ओठ. माझा हात दाराच्या कडीवर गेला.

तेवढ्यात आतून आवाज आला. खालचा, संथ, एकेक शब्द ओढलेला. 'स... र... स... र... फांदीवर...' स्टुडिओत म्हटलं होतं, अगदी तसं.

"इतकं हळू का म्हणतेस?" चिमणीचा आवाज रडवेला होता, पण ती विचारत होती.

"खारूताई झोपायला निघाली ना, की अस्संच म्हणते," ताई म्हणाल्या. "टीव्हीवर ती जागी असते."

"पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग चिमणीचा आवाज आला नाही, तरी त्या म्हणतच होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपली. बस झालं आता." ताई बाहेर आल्या त्या सरळ जमिनीवरच बसल्या. मीही त्यांच्याशेजारी फतकल मारली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत आम्ही एकमेकींचा हात सोडला नाही. सगळं नीट झाल्याचं ऐकलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले.

चिमणी घरी आली, उशांना टेकून बसली, टीव्ही लावला. खारूताईचं गाणं सुरू झालं तशी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, ही कोण गं? हिला नीट येत नाही." आणि पुढच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आत्तू, तू ये बरं इकडे, खरं गाणं म्हण!"

मशीन थांबलं. ताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.