पान नाही, घोणस

आमच्या पिंपरी पेंढारात सापाला साप म्हणत नसत. ‘लांबडं’ म्हणायचं, नाहीतर ‘जनावर’. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. चावलं तरी चावलं म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. मला या लपवाछपवीची लहानपणापासून चीड होती. वडील सभांना जायचे आणि पत्रकं घेऊन यायचे. घरात पुस्तकं मोजकी, पत्रकांचा मात्र कोठीवर ढीग. हुंड्यावरची, जातीवरची, धरणाच्या पाण्यावरची. एक सापांवरचंही होतं.

त्यात घोणस आणि डुरक्या घोणस यांची चित्रं शेजारी शेजारी होती. पहिली जीव घेणारी, दुसरी बिनविषारी. पण छपाई स्वस्तातली, शाई फुटलेली, त्यामुळे दोन्ही चित्रं म्हणजे दोन काळे डाग. मी खालचा मजकूरच पाठ केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी दहावीत होते. काकू दुपारी बांधालगत गुरांसाठी घास कापत होती. तिच्या पायाला पान लागलं. काकांनी काठीने ते जनावर मारलं, काठीवरच घेऊन अंगणात टाकलं आणि काकूला ओट्यावर आणून बसवलं. शेजारचे आबा आले. गावात कुणाला पान लागलं की आबांनाच बोलावत. त्यांनी मेलेल्या सापाकडे एकदा पाहिलं.

“डुरक्या हाय. अंगावर चट्टे उठतील, जीव न्हाई जात. पाला आणा.”

कडुनिंबाचा पाला आला. तो गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही, अशी ही परीक्षा. काकूने चावला आणि तोंड वाकडं केलं.

“लई कडू लागतोय.”

“झालं मग!” आबा म्हणाले. “आता देवळात बसवा हिला.”

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझा झाला नाही. काकूचा घोटा बघता बघता सुजत होता. मी काठीने साप उलटा-सुलटा केला. अंगावर साखळीच्या कड्यांसारखे गोल ठिपके, तीन सरळ ओळींत. डोकं तिकोनी, मान बारीक, शेपटी निमुळती. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे असतात, मान वेगळी दिसत नाही, शेपूट आखूड.

“ही घोणस आहे,” मी म्हणाले.

“ए पोरी, नाव नको घेऊ!” कुणीतरी ओरडलं.

“घेणार. घोणस. घोणस. घोणस! मेलीये ती, आता कुठून येणार?”

आबा हसले. “कागदं वाचून साप कळाय लागलं व्हय? आमी काय आंधळं हाय?”

“आबा, ओळी मोजा. तुम्हीच मोजा.”

त्यांनी मोजल्या नाहीत. मी काकूकडे वळले. “चावायच्या आधी आवाज आला होता?”

“आला की,” ती म्हणाली. “कुकरची शिट्टी सुटावी तसा. मला वाटलं, पंपाचा पाइप फुटला.”

“डुरक्या असा फुसकारतो का, आबा?”

तेवढ्यात काकू थुंकली. थुंकीत रक्त होतं, हिरड्यांतून आलेलं. काकांनी ते पाहिलं आणि एकदम उठले.

“देऊळ ऱ्हाऊ द्या. टेम्पो बोलवा.”

कांद्याच्या गोण्या उतरवून टेम्पो नारायणगावला निघाला. मी मागे काकूचा पाय न हलवता धरून बसले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कोणता साप?”

काका सवयीने म्हणाले, “लांबडं...”

“घोणस,” मी मध्येच म्हणाले.

डॉक्टरांनी काकूचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी वीस मिनिटं उभी ठेवली. मग ती तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच सलाइनमधून सापावरचं औषध सुरू झालं. काकू आठवडाभर तिथे होती.

गावात मात्र मला बोल लागले. म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान केला, पोरीच्या जातीला हे शोभतं का? मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. आबा वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या वयाचा मान राखण्यासाठी काकूचा जीव द्यायला मी तयार नव्हते.

काकू घरी आल्यावर बायका बघायला आल्या, आबाही दारात येऊन थांबले. बाहेर अंधारून आलं होतं. एकीने आवाज बारीक करून विचारलं, “वैनी, पान लागलं व्हतं म्हणं?”

काकूने सुजलेला पाय पुढे केला आणि दारातल्या आबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पान न्हाई बाई. घोणस चावली व्हती. घोणस.”