आईचं काष्ठमौन

त्या वर्षी आषाढी एकादशीपासून आई रोज उजाडायच्या आत विहिरीवर आंघोळ करू लागली. चाळीत नळ आला होता, पण नळाचं पाणी व्रताला चालत नाही असं तिचं म्हणणं. थंड पाणी डोक्यावरून घ्यायचं, ओलेत्यानंच तुळशीला पाणी घालायचं आणि मग दुपारी स्वतः जेवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कार्तिकी एकादशीपर्यंत हे चालायचं होतं.

हे सगळं ताईसाठी होतं. ताई बारावी झाली होती आणि तिनं अलिबागला डी.एड.साठी अर्ज केला होता. बाबा पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत हमाल. आमच्या घराण्यात एवढं कुणी शिकलं नव्हतं, त्यामुळे अर्ज केल्यावर पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आईला जे माहीत होतं ते तिनं केलं.

देवळात कीर्तनाला आलेल्या बुवांनी सांगितलं होतं की स्नानानं शरीर धुतलं जातं आणि मौनानं वाणी. पण नुसतं तोंड मिटलं म्हणजे मौन नव्हे. मान हलवली, हातानं खूण केली, तरी ते बोलणंच. खरं मौन लाकडासारखं असतं, त्याला काष्ठमौन म्हणतात. हा शब्द आईला फार आवडला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा शब्द तिनं नीट घरी आणला.

श्रावणात अलिबागच्या यादीत ताईचं नाव लागलं. ती धावत सांगायला आली तेव्हा सकाळ होती. आईनं ओल्या हातांत तिचा चेहरा धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि आत जाऊन शिरा केला. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "देवानं ऐकलं गं बाई."

त्यानंतर काही दिवसांनी आत्या आली. बाबांची मोठी बहीण, उलव्याकडच्या गावातली. सोबत ताईसाठी बघितलेल्या मुलाचा मामा होता. सकाळीच आले. आई रोज दुपारपर्यंत बोलत नाही हे आत्याला ठाऊक होतं. तिनं वेळ बघूनच पाव्हणे आणले की नाही, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही.

"पोरगा बंदरावं लागलाय. घर पक्कं हाय. अजून काय पायजे तुला?" आत्या बाबांना म्हणाली.

"पोरीचं नाव लागलंय गो अलिबागला. मास्तरीण व्हायचंय तिला."

"मास्तरीण झाली तं तिला मास्तरच बघाला लागंल. तो मागंल मोटारसायकल. देशील?"

मामा हसला. बाबाही थोडे हसले. मग ते आईकडे वळले.

"तुझं काय म्हणणं?"

आई चुलीपाशी बसली होती. केस अजून ओले होते. तिनं बाबांकडे पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

"तिला काय इचारतोस? तिचा मोन हाय," आत्या म्हणाली. "नाय म्हणाली नाय ना? मंग झालं. लगीन तुळशीनंतर करू. सुपारी आत्ता फोडून घेऊ."

सुपारी फुटली की शब्द दिला, असं आमच्यात धरतात. मग माघार नाही. पिशवीतून अडकित्ता निघाला तशी ताई आतून आली. मोठ्यांच्या बोलण्यात मुलीनं तोंड घालायचं नसतं, म्हणून तिनं जे सुचलं ते केलं. अर्धकच्चा भात, बिनफोडणीचं वरण, चिमूटभर मीठ असं ताट तिनं आईसमोर ठेवलं.

"आई, जेवून घे."

एवढंच ती म्हणाली. मला कळलं, आईला कळलं. आई जेवली की मौन सुटणार होतं. एक घास पुरे होता.

"अगो बाय माझे!" आत्या कपाळाला हात लावत म्हणाली. "पावणे उपाशी नि आईला ताट? हेच शिकवतात काय गो कालेजात?"

आईचा हात ताटापर्यंत गेला. मी जवळ होते, मला दिसला. मग तिनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मामासमोर नेऊन ठेवलं.

मामा म्हणाला, "आधी सुपारी, मंग जेवण."

सुपारी फुटली. नंतर पाव्हणे जेवले, बाबा जेवले. सर्वांत शेवटी आई जेवली. जेवण झाल्यावर तिचे पहिले शब्द होते, "भात कच्चा राहिला."

ताईनं तिला एवढंच विचारलं, "का नाही बोललीस?"

"व्रत मोडलं असतं तर तुलाच बाधलं असतं," आई म्हणाली.

अलिबागला कुणी गेलं नाही. आईनं मात्र व्रत कार्तिकीपर्यंत पुरं केलं. मौन पाळणाऱ्यानं शेवटी घंटा दान करायची असते, म्हणून देवळाला पितळेची घंटा दिली. येणारे-जाणारे ती वाजवत. तुळशीच्या लग्नानंतर ताईचं लग्न झालं.

पुढच्या दिवाळीला ताई माहेरी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तिला तेल लावत होती. उटणं चोळताना सारखी बोलत होती. पाणी कढत नाही ना, सासू कशी आहे, हात असे का खरखरीत झालेत. ताई पाटावर गप्प बसली होती. आईनं तांब्यानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा ताई म्हणाली, "आता बोलतेस?"

आईनं तांब्या बादलीत सोडला. उरलेली आंघोळ ताईनं आपली आपण केली.

माझ्या वेळी आईनं कसलंच व्रत धरलं नाही, विहिरीवरची आंघोळ तेवढी सवयीनं चालू होती. आत्या पुन्हा एक स्थळ घेऊन आली, तेव्हा आई विहिरीवरून ओल्या केसांनी आली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी बोलली. आत्याला, बाबांना, शेजाऱ्यांना. त्या बोलण्यावर मी कॉलेजात गेले. ते ताईच्या वाटणीचं बोलणं होतं, असं मला वाटतं. ते मला फुकट मिळालं.

बी.ए.ला तत्त्वज्ञानाच्या सरांनी स्नान आणि मौन यांच्या अर्थावर निबंध लिहायला सांगितला. मी मन लावून लिहिला. पाणी बाहेरचा मळ नेतं, मौन आतला. गप्प बसल्यावर माणसाला स्वतःचं मन ऐकू येतं. अजूनही मला ते खोटं वाटत नाही. पण ज्यांचं बोलणं कुणी ऐकतच नाही, त्यांनी मौन पाळलं तर ते देवाला तरी वेगळं ओळखू येत असेल का? हे निबंधात लिहायचा धीर झाला नाही. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला.

ताई आली तेव्हा मी तिला तो दिला. तिनं दारात बसून सावकाश वाचला. बाळ मांडीवर झोपलं होतं, त्यामुळे कागद एका हातानं धरला होता. वाचून झाल्यावर घडी घालून मला परत दिला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "ताटाचं नाही लिहिलंस."