अक्काचा हात

“तिनु,” असं म्हणून अक्का आपला हात सिद्रामच्या हातावर ठेवायची आणि वाट बघायची. तिनु म्हणजे तेलुगूत खा. सिद्राम अक्कलकोटकडचा, घरचे लोक कानडी बोलणारे. पण त्याला स्वतःला बोलताच यायचं नाही, त्यामुळं तेलुगू काय न कानडी काय, त्याला सारखंच.

सोलापुरात मतिमंदांच्या एका संस्थेत सिद्राम राहायचा, आणि ती न मी तिथं कामाला होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी दुसरीतनं शाळा सोडलेला. अंघोळी घालायच्या, कपडे बदलायचे, भरवायचं, हे आमचं काम. तिला सगळे अक्का म्हणायचे. तेलुगू विणकराच्या घरातली, जन्म मागावर गेलेला. सुताची धूळ छातीत बसली होती. ती खोकायला लागली की आम्ही दुसरीकडं बघायचो.

सिद्राम तिशीचा, दाराएवढा बाप्या. त्याला कायम कुणीतरी भरवलेलं. मी भरवायचो तेव्हा भराभर ताट साफ. अक्कानं ते बंद पाडलं.

तिची रीत मागावरची होती. पोराला सुताचा धोटा ताण्यातनं फेकायला शिकवताना बाप आधी त्याच्या हातावर हात ठेवतो. मग मनगट धरतो, मग कोपर, मग नुसता खांदा. शेवटी हात काढून घेतो आणि पोराला कळतही नाही कधी काढला ते. तेच तिनं आमटी-भाकरीवर चालवलं होतं.

“अक्का, आमटी गार झाली. भरव की त्याला.”

“तुला गाडी धरायचीय का, अण्णा?”

“उपाशी मारशील.”

“आज भरवीन. उद्या मी न्हाय. मग?”

“मी हाय की.”

“तू लई दिवस ऱ्हाणार हायस व्हय?” म्हणून ती हसली, आणि हसता हसता खोकायला लागली.

असल्या ठिकाणी तुम्ही कधी राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. माणसं पुष्कळ, हात थोडे. ज्याला आपल्या हातानं खाता येत नाही तो तिथं हळूहळू वाळत जातो. कुणी मारत नाही त्याला. घास पोचत नाही, एवढंच.

सिद्राम सांडायचा, रडायचा. एकदा ताट तिच्या अंगावर फेकलं. तिनं लुगड्यावरची आमटी पुसली आणि पुन्हा हात ठेवला. “तिनु.” मला ते बघवायचं नाही. माणसाला भुकेलं बसवून ठेवणं मला आजही पटत नाही, आणि कुणी पटवायला येऊ नये.

पण हात वर सरकत गेला. मनगटावर आला, पावसाळ्यात कोपरावर. थंडीत खांद्यावर आला तेव्हा सिद्राम अर्धी भाकरी आपली आपण खायचा, आणि अक्काला जिना चढताना मध्येच बसावं लागायचं.

“आता एवढा खांदा सोडला की झालं,” ती म्हणायची.

खांदा सोडायचा राहिला. संक्रांतीची जत्रा उठली तशी ती यायची थांबली, आणि एका सकाळी तिचा भाऊ ती गेल्याचा निरोप सांगून गेला.

त्या दुपारी सिद्राम ताटापुढं बसला आणि मागं, अक्का बसायची तिकडं, बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी घास करून त्याच्या तोंडाशी नेला, त्यानं तोंड मिटलं. खांद्यावर हात ठेवला, तर तो झटकला. मीही हट्टी. ताट उचललं नाही, समोर बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यानं डावा हात उचलून आपल्याच उजव्या खांद्यावर ठेवला, आणि उजव्यानं भाकरी मोडली.