तिसगावची घोडी आणि पिशवीतलं पाणी

"मॅडम, पाइप बाहेर काढा. मला न्हाई धुवायची पिशवी."

रावसाहेब अण्णा हे म्हणाले तेव्हा माझा हात कोपरापर्यंत घोडीच्या आत होता. कोमट सलाईनच्या बाटल्या बादलीत तयार होत्या. अण्णांच्या बायकोने, कमलवहिनींनी, घोडीचं तोंड धरलं होतं. मी राहुरीत जनावरांची प्रायव्हेट प्रॅक्टिस करते. घोड्याचं काम असलं की तिसगावपर्यंतही जाते.

अण्णांची घोडी लग्नात नवरदेव मिरवायची. आता वय झालं होतं, बँडच्या आवाजाला बिचकायची. एक शिंगरू मिळालं तर तिला घरी ठेवायची, नाहीतर बाजार दाखवायचा, असं घरात ठरलं होतं. दोनदा घोडा लावून ती उलटली होती, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती. ही तिसरी खेप. घोडेवाल्याने बजावलं होतं, यानंतर घोडा मिळणार नाही.

सकाळी घोडा लावला. दुपारी मी सोनोग्राफी केली. पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, मोठा काळा डाग दिसला. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं.

शुक्राणू घोडीच्या शरीराला परके असतात. जखमेत घाण गेली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, तशाच त्या शुक्राणूंवरही धावून येतात. पिशवी सुजते, पाणी सुटतं. हे प्रत्येक घोडीत होतं आणि व्हायलाच हवं, कारण त्यातूनच आतली घाण साफ होते. तरुण घोडीची पिशवी आवळली जाते आणि पाणी बाहेर टाकते. वय झालेल्या घोडीची पिशवी सैल पडलेली असते. पाणी आतच साचतं, सूज उतरत नाही. काही दिवसांनी गर्भ बीजांडाकडच्या नळीतून खाली पिशवीत येतो, तो थेट त्या घाण पाण्यात. तिथे तो जगत नाही.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं होतं. पण पाइप बघितल्यावर त्यांचा धीर सुटला.

"सकाळीच घोडा लावलाय. धुतलं तर समदं वाहून जाईल की!"

"अण्णा, कामाचे शुक्राणू वर नळीत पोचलेत. त्यांना चार तास पुरतात. आपण मागे राहिलेलं धुतोय."

त्यांनी घोडेवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "धुवा नाहीतर नका धुवू. पण घोडी राहिली नाही तर माझ्या घोड्याला नाव ठेवायचं नाही."

कॉलेजात मी सरांच्या हाताखाली पिशव्या धुतल्या होत्या. एकटीने ही पहिलीच. पुस्तकात चार तास लिहिलेत, पण ही घोडी काही पुस्तक वाचून आलेली नव्हती. चुकलं असतं तर ती बाजारात उभी राहिली असती.

कमलवहिनींनी विचारलं, "ताई, न्हाई धुतलं तर काय हुईल?"

"वहिनी, मागच्या दोन्ही वेळी धुतलं नव्हतं."

त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "धुवा तुमी. मी सांगते."

अण्णा बाजूला झाले. पहिली बाटली आत सोडली आणि पाइप खाली केला. बादलीत आलं ते ताकासारखं गढूळ होतं. अण्णा वाकून बघत राहिले. "हे आत हुतं?" एवढंच म्हणाले. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं आणि पिशवी आवळावी म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी थोडं पाणी होतं, पुन्हा धुतलं. त्यानंतर पिशवी कोरडी झाली.

मग वाट बघणं. गर्भ स्क्रीनवर दिसायला दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात अण्णांचे इतके फोन आले, की नाव दिसलं तरी मला धडकी भरायची. ती पुन्हा माजावर आली, हेच ऐकायची भीती.

तपासणीच्या दिवशी पिशवीची डावी बाजू रिकामी निघाली. उजवीकडे सोनोग्राफीचा प्रोब वळवला आणि स्क्रीनवर काळं दिसलं.

"परत पानी?" अण्णांनी विचारलं.

मी प्रोब तिथेच धरून कडा तपासल्या. साचलेलं पाणी वेडंवाकडं पसरतं. हे गोल होतं, कडा रेखीव, वर आणि खाली एकेक पांढरी रेघ. थोडं थांबून पुन्हा पाहिलं, तर ते जागेवरून सरकलं होतं. या वयाचा घोडीचा गर्भ पिशवीत असा फिरत असतो.

"पाणीच आहे अण्णा. पण त्यात तुमचं शिंगरू आहे."

कमलवहिनी तिथेच खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या. अण्णा मात्र घोडीच्या मानेवर हात ठेवून, "बघ, म्हनलं न्हवतं का?" असं तिलाच सांगत होते.

अकरा महिन्यांनी शिंगरू झालं, मादी. घोडी घरीच राहिली. घोडेवाला आजही सांगतो, आपल्या घोड्याचा गुण. मी वाद घालत नाही.

एक मात्र बदललं. आता पिशवी धुवावी लागेल हे मी मालक-मालकिणीला समोर बसवून बऱ्याच आधी सांगते. घोडी एकदा माजावर आली, की घरातल्या माणसांना ऐकायला सवड नसते.