बगळ्याचा पाय

नाना गेल्याचा निरोप कुंडलहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगलीला माझ्या शाळेत आणून दिला. मी वर्ग तसाच सोडून निघालो. त्याला महिना होऊन गेला. आता कुठं लिहायला हात धजावतोय.

नाना माझे थोरले चुलते. महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण काही महिने जपानात होती. तिथून त्यांनी काकीसाठी एक काळी पेटी आणली. लाकडावर कसल्याशा झाडाच्या चिकाचे थर द्यायचे, घासायचे, पुन्हा द्यायचे, असं ते काम. एका बाजूला शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेला पक्षी. नाना त्याचं जपानी नाव सांगायचे, पण घरात तो बगळाच झाला. पेटी तिरपी केली की तो कधी निळा दिसायचा, कधी हिरवा. एरवी बारक्या चुकीवरून घर डोक्यावर घेणारे नाना ती दाखवताना अगदी मवाळ होत. मला ते तेव्हा फार आवडायचे.

पाच-सहा वर्षांपूर्वी नाना पाहुण्यांकडे कवठे महांकाळला गेले असताना, दसऱ्याच्या साफसफाईत काकीनं पितळेच्या भांड्यांबरोबर पेटीही चिंच-राखेनं घासली. बगळ्याचा एक पाय निखळून मोरीतून वाहून गेला. पेटी पदराखाली धरून ती रडत माझ्याकडे आली. मी तिला मिरजेला, सतारीवर नक्षी बसवणाऱ्या कारागिराकडे नेलं. त्यानं शिंपल्याचा नवा पाय नेमका बसवला, पण तो कसाही धरला तरी पांढराच. नानांना काही सांगायचं नाही, अशी काकीनं मला शपथ घातली.

दिवाळीला कुंडलला गेलो, तर नानांनी मला उसाच्या बांधावर गाठलं.

"बगळ्याचा पाय बदललाय," ते म्हणाले. "तिला बोलू नगंस. लय भ्याली आसंल."

झालं! गुपित एकच, ते दोघांनी एकमेकांपासून लपवायचं, आणि मधे मी.

परवा गेलो तेव्हा काकी पेटीपाशी बसली होती. म्हणाली, "त्यास्नी सांगायचं ऱ्हाऊनच गेलं रं. फसवलं म्या." मला राहवलं नाही. नानांना पहिल्या दिवाळीपासून सगळं ठाऊक होतं, हे मी सांगून टाकलं.

तिनं पेटी पुढ्यात ओढली आणि पांढऱ्या पायावरून बोट फिरवलं.

"बगळा भिताडाकडं करून ठिवायची मी," ती म्हणाली. "कवा कवा इसरायची. पन सांजंला बघावं, तर पेटी भिताडाकडं फिरलेली. मला वाटायचं, मीच फिरवली."