वहिनीची मूठ

माझा धंदा सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरचा. दगड म्हणजे ब्रासमध्ये मोजायचा माल, एवढंच मला कळतं. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्याला मी साइटवर चहासुद्धा विचारत नाही. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

वणीपासून सहा किलोमीटरवर आमची द्राक्षबाग. ती दादा-वहिनी बघतात, मी नाशिक रोडला राहतो. बागेच्या बांधावर छातीएवढा दगडांचा ढीग होता. गुरं वाचवताना मेलेला कुणी वीर त्याखाली आहे म्हणतात. रीत अशी, की येता-जाता एक दगड वाहायचा, उचलायचा मात्र एकही नाही. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं वहिनी रोज एक दगड ठेवत आली.

मागच्या वर्षी मी तिथे पॅकिंग शेड बांधायला घेतली. जमिनीखाली अंथरायच्या सोलिंगला दगड कमी पडले आणि समोर आयता ढीग — लावला जेसीबी. दादा बागेत निघून गेला. वहिनी आडवी आली, तर मी तिला मजुरांसमोर अडाणी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बागेत घडांची विरळणी करताना तिच्या हातातून कात्री पडली आणि उजवी मूठ मिटली. ती उघडेचना. नाशिकला एमआरआय झाला, नसा तपासल्या — सगळं नॉर्मल. भूल दिली की बोटं सुटायची, शुद्ध आली की पुन्हा घट्ट. नखं तळव्यात रुतून जखमा झाल्या. विरळणीसाठी जिला आसपासच्या गावांतून बोलावणी यायची, तिला साधी भाकरी थापता येईना.

शेवटी मी शेडची जमीन फोडली. एकेक दगड स्वतः उचलून परत बांधावर रचला, नारळ फोडला, नाक घासलं. ढिम्म फरक नाही. आठ महिने झाले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, गावातल्या भगतालाही नाही, आणि मला तर नाहीच.

दगड रचत होतो तेव्हा वहिनी बांधावर बसून बघत होती. शेवटचा दगड ठेवला तशी ती म्हणाली,

"भाऊजी, ठेवणारा हात माझा व्हता, उचलणारा तुमचा. तुमचा धडधाकट हाय... त्या वीराला माणूस वळखता येत नाय का?"

मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल, लाजेनं. खरं सांगतो, मी माझ्या उजव्या हाताची बोटं उघडून-मिटून बघत होतो. चालत होती. मला बरं वाटलं.